गाडीचा सातबारा कोरा करून विकू नका

"काका, फुल बॉडी रंग मारून घ्या. बावीस हजार टाका आणि चाळीस हजार जास्त घ्या."

गेल्या महिन्यात आमच्या अंगणात उभं राहून एका एजंटाने मला हा सल्ला दिला. पोरगा तिशीतला, बोलायला गोड. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडलं नाही, इंजिन सुरू केलं नाही, खाली वाकून तर मुळीच बघितलं नाही. छपरावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली लाल पावडर मला दाखवली आणि निकाल दिला : "असं विकायला काढलंत तर पंच्याण्णवच्या वर कोणी बोलणार नाही. रंग मारलात की एक पस्तीस कुठे गेले नाहीत."

मी विचारलं, "आणि रनिंग बोर्डचं काय? उजव्या बाजूला पत्रा सडलाय."

तो हसला. "लांबी भरायची काका. वरून काळं अंडरकोटिंग. घेणाऱ्याच्या बापाला कळत नाही."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यात बसलंय. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण जुनी गाडी विकणार असाल किंवा घेणार असाल तर शेवटपर्यंत वाचा. आपल्या चिपळूण-खेड-गुहागर पट्ट्यात दर चार घरांमागे एक तरी माणूस यातलं काहीतरी करायच्या विचारात असतो.

आधी माझ्या गाडीची अवस्था सांगतो. १४ वर्षांची छोटी पेट्रोल गाडी, लाल. एकच मालक, म्हणजे मी. इंजिन ठणठणीत. पण रंगाची पार वाट लागलेली. छप्पर आणि बॉनेट लालचे गुलाबी झालेले. पुढचा बंपर पूर्वी एकदा गॅरेजमध्ये रंगवलेला, त्याची वरची पारदर्शक साल भाजलेल्या कातडीसारखी सुटलेली. आंब्याखाली उभी करायची सवय, त्यामुळे चिकाचे डाग. दारांच्या खालच्या कडांना गंजाचे फोड. कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, वर खारी हवा, उरलेले महिने ऊन आणि जांभ्याची धूळ. चौदा वर्षांत यापेक्षा वेगळं काय होणार?

अशी गाडी विकायची म्हणजे तिला जरा माणसात आणायला हवी, हे मलाही मान्य. कोणी मळकी गाडी दाखवायला काढत नाही. घर विकताना आपण चुना मारतोच. पण चुना मारणं वेगळं आणि भिंतीतली भेग कॅलेंडर लावून झाकणं वेगळं. माझं सगळं भांडण या कॅलेंडरशी आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात : गाडीचा जुना रंग हा तिचा सातबारा असतो. कुठे ठोकली, कुठे पाणी साचलं, कुठला पत्रा बदलला, सगळ्या नोंदी त्यावर असतात, वाचता आल्या पाहिजेत एवढंच. सातबारा कोरा ही घोषणा शेतकऱ्याच्या कर्जासाठी ठीक आहे. विकायच्या गाडीचा सातबारा कोरा करणं म्हणजे नोंदी खोडणं, आणि नोंदी खोडून जमीन विकणाऱ्याला आपण काय म्हणतो ते इथे लिहायची गरज नाही.

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, कारण फसवणूक इथेच लपलेली असते.

कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी अख्खाच्या अख्खा रसायनाच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या मदतीने गंजरोधक थर चढवतात. त्यामुळे तो थर पोकळ भागांत, कानाकोपऱ्यांत आतूनही बसतो. मग प्रायमर, मग रंग, बहुतेक गाड्यांवर शेवटी पारदर्शक क्लिअर कोट. वरचे थर १४० अंशांच्या आसपासच्या भट्टीत पक्के होतात. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे दोन केसांएवढ्या जाडीवर ही गाडी चौदा पावसाळे काढते.

आता गल्लीतलं फुल बॉडी पेंटिंग बघा. पूर्ण गाडीला १४० अंशांच्या भट्टीत घालता येत नाही, आतलं रबर-प्लास्टिक वितळेल. चांगल्या वर्कशॉपमध्ये बंद बूथ असतो, तिथे साधारण ६० अंशांवर रंग सुकवतात, आणि त्यासाठी वेगळा, हार्डनर घातलेला रंग वापरतात. ते काम नीट केलं तर टिकतं, पण त्याचे पैसे बावीस हजार होत नाहीत. बावीस हजारांत काय होतं? पाणीपेपर घासून-न घासून, काचेच्या कडांना वर्तमानपत्र चिकटवून, रस्त्याकडेला कॉम्प्रेसर लावून दोन दिवसांत गाडी लाल. गंज तसाच आत. तो रंगाखाली श्वास घेत राहतो आणि पहिल्या पावसाळ्यात बुडबुड्यासारखा वर येतो.

पहिल्या पावसाळ्यात. हिशेब लक्षात घ्या. गाड्या रंगवून विकल्या जातात दसरा-दिवाळी ते पाडवा. फोड येतात श्रावणात. तोवर तुमचे पैसे एजंटाने दुसऱ्या गाडीत गुंतवलेले असतात.

रनिंग बोर्डचं तर आणखी वाईट. दारांच्या खाली जो लांब पोकळ पत्रा असतो तो शोभेचा नसतो. तो गाडीचा कणा आहे. जॅक तिथे लागतो, बाजूने धडक बसली तर भार तो घेतो. तो सडला आणि तुम्ही त्यात लांबी भरलीत, तर तिथे पत्रा राहिला नाही, वाळलेली पेस्ट राहिली. वरून गंजावरच काळं डांबरी अंडरकोटिंग मारलंत की आतलं पाणी आतच अडकतं आणि सडणं जोरात सुरू होतं. ज्याच्या बापाला कळत नाही असं तो एजंट म्हणत होता, त्याचा बाप त्याच गाडीत मागच्या सीटवर बसणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही एवढे सोवळे कधीपासून झालात? बरोबर प्रश्न आहे. उत्तर देतो.

या गाडीच्या आधीची गाडी मी अशीच विकली होती. हेच सगळं केलं होतं. लांबी, काळा रंग, डॅशबोर्डला चकचकीत स्प्रे, आत सुगंधी कागद. घेतली एका प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी. त्यांची पहिलीच गाडी. नारळ फोडला, मला पेढे दिले, मी ते खाल्ले.

पुढच्या ऑगस्टमध्ये वेल्डिंगच्या दुकानात मला ती गाडी दिसली. चाकं काढलेली, उजवा रनिंग बोर्ड पूर्ण उघडा, आतून वाळक्या लांबीचे ढेकळं बाहेर पडलेले. गुरुजी बाजूला स्टुलावर बसलेले. मला वाटलं आता बाजारपेठेत तमाशा होणार. माणूस आवाजही चढवून बोलला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, सांगितलं असतंत ना, तरी घेतली असती. पाच हजार कमी दिले असते, एवढंच."

पाच हजार. तेवढ्यासाठी मी ते पेढे खाल्ले होते.

त्या दिवशी मी त्यांना पैसे देऊ केले नाहीत. "मला पण माहीत नव्हतं हो गुरुजी," असं म्हणून निघालो. खोटं. नंतर त्यांची बदली झाली, मग भेट नाही. आज हे इथे लिहितोय, त्यांच्यापर्यंत पोचलं तर बरं होईल.

तर सोवळा मी नाहीच. याच बाजारातला आहे. म्हणूनच या बाजाराचे युक्तिवाद मला तोंडपाठ आहेत. एकेक घेऊया.

पहिला युक्तिवाद : सगळेच करतात.

सगळे करतात म्हणूनच तर प्रामाणिक माणसाच्या गाडीला भाव येत नाही. यावर एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने, जॉर्ज ॲकरलॉफने, १९७० साली लेख लिहिला, उदाहरण जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच घेतलं, आणि २००१ साली ज्या कामासाठी तिघांना मिळून अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात हा लेख होता. मुद्दा आपल्या चहाच्या टपरीवर कळेल इतका सोपा आहे. घेणाऱ्याला चांगली गाडी आणि सजवलेली सडकी गाडी यातला फरक ओळखता येत नाही. म्हणून तो प्रत्येक गाडीला मधलाच भाव देतो. मधला भाव चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो विकायलाच काढत नाही. उरतात सडक्या. मग भाव आणखी खाली. शेवटी बाजारात चांगला माणूसही रंग मारल्याशिवाय उभा राहू शकत नाही.

एजंटाने मला पंच्याण्णव सांगितले ना, ते माझ्या गाडीचा रंग उडाला म्हणून नव्हते. माझ्याआधी दहा जणांनी रंग मारून फसवलं, त्याचा दंड मला होता. आणि त्या दहांत मीही एक होतो.

दुसरा युक्तिवाद : घेणाऱ्याने बघून घ्यावं.

हो, घ्यावं. कायदाही बऱ्याच अंशी असंच म्हणतो. १९३० च्या माल विक्री कायद्यात, ठराविक अपवाद सोडले तर, मालाच्या दर्जाची हमी आपोआप धरली जात नाही. पण त्याच्याही आधीचा १८७२ चा करार कायदा काढून बघा. कलम १७. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम, कृती करून लपवणं याला तिथे सरळ कपट म्हटलंय. नुसतं गप्प बसणं वेगळं, त्यावर वकील वाद घालतील. पण सडलेल्या पत्र्यात लांबी भरून वर रंग मारणं हे गप्प बसणं नाही. ती कृती आहे, आणि तिची पावती गॅरेजवाल्याने तुमच्याच नावाने फाडलेली असते.

आणि बघून घ्यावं म्हणजे नेमकं काय बघावं? बघण्यासारखं जे होतं ते तुम्ही रंगवलंत. एकीकडे डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि दुसरीकडे "नीट बघून घ्या हां" म्हणायचं, हे कसं चालेल?

तिसरा युक्तिवाद : मुलगी दाखवताना पावडर लावतातच ना?

हे वाक्य मला परवा एका लग्नाच्या पंगतीत ऐकायला मिळालं. बोलणारा स्वतः दोन मुलींचा बाप. त्याला एवढंच म्हणालो, मुलगी विकायला काढलेली नसते. पुढे तो काही बोलला नाही, जिलबी घेतली.

चौथा युक्तिवाद : त्यावर गरीब पेंटरचं पोट चालतं.

हा ऐकला की माझं डोकं फिरतं. कोणाला काळजी आहे त्या पेंटरची? हार्डनर घातलेल्या रंगात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांचा फवारा छातीत गेला की दमा जडतो आणि एकदा जडला की पुढे थोड्या वासानेही श्वास कोंडतो. भोपाळमध्ये १९८४ साली जो वायू गळला तो याच रासायनिक कुळातला, जरी नेमका तो नव्हे. यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो, बंद बूथ लागतो. आपल्या गल्लीतला पोरगा काय बांधतो? रुमाल. तोही वास सहन होईना म्हणून. तुम्ही बावीस हजारांत फुल बॉडी मागता तेव्हा नेमका त्या बूथचा आणि त्या मास्कचा खर्च वाचवून मागत असता. तुमची गाडी लाल होते आणि त्याची छाती जाते. त्याचं पोट चालावं असं खरंच वाटत असेल तर त्याला अर्धं काम द्या पण पूर्ण दाम द्या. एक बंपर, एक दार, नीट जागेत, नीट सामानाने.

आता चिपळूणकरांसाठी खास मुद्दा. २२ जुलै २०२१ कोण विसरलंय? बाजारपेठ, खेर्डी, किती गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या ते आपण डोळ्यांनी बघितलंय. त्या सगळ्या भंगारात गेल्या असं तुम्हाला वाटतं? मला नाही वाटत. धुऊन, पुसून, रंगवून किती तरी घाटावर गेल्या असणार, तिथे कोणी विचारत नाही की एमएच ०८ ची गाडी त्या दिवशी कुठे उभी होती. आणि उलटंही होतं. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला पूर आला, त्यानंतर इकडे आलेल्या एमएच ०९ आणि एमएच १० च्या स्वस्त चकचकीत गाड्या कुठून आल्या, हे आपणही विचारलं नाही. आपण एकमेकांना एकमेकांचा पूर विकत असू तर नवल नाही.

यावर सरकार काय करतं? आरसी बुकात रंगाची नोंद असते, लालची निळी केलीत तर आरटीओला कळवून नोंद बदलावी लागते. पण लालवर लाल मारला तर विचारणारा कोणी नाही. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की विमा, फिटनेस दिसतं. ठोकली होती का, पाण्यात होती का, त्याबद्दल अक्षर नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी नियम आणले, १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहेत. डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, गाडी ताब्यात आली की तशी ऑनलाइन सूचना जायची, गाडी कुठे फिरवली त्याची नोंद ठेवायची. चांगली गोष्ट. पण त्या नियमांचा भर गाडी कोणाच्या ताब्यात आहे यावर आहे, पत्र्याखाली काय आहे यावर नाही. आणि आमच्या अंगणात आला तो एजंट? त्याच्याकडे अधिकारपत्र सोडा, साधी पाटीही नाही. मोबाइल हेच त्याचं दुकान.

माझी मागणी मोठी नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून आपण गाडी नावावर करतोच. त्यासोबत एक पान सक्तीचं करा. विकणाऱ्याने लिहून द्यायचं : कुठला भाग पुन्हा रंगवला, कुठला पत्रा कापून जोडला, पाणी कधी शिरलं होतं का, विम्याचा मोठा दावा झाला होता का. खाली सही. खोटं निघालं तर तो कागद घेऊन घेणाऱ्याला कुठेही जाता यावं. एका पानाने सगळे साधू होणार नाहीत, पण खोटं सही करून बोलावं लागलं की बऱ्याच जणांचा हात थरथरतो.

सरकार करेल तेव्हा करेल. मी काय केलं ते सांगतो, कारण नुसतं बोलून पोस्ट संपवली तर तुम्हीच म्हणाल की मग गुलाबी गाडी विकायची कशी?

आधी गाडी नीट धुतली आणि सावलीत सुकवली. एका मऊ कापडावर थोडं पॉलिश घेऊन छपराच्या कोपऱ्यात घासलं. कापड लाल झालं. याचा अर्थ वर क्लिअर कोट नाही, एकथरी रंग आहे, आणि तो फक्त वरवर जळून पावडर झालाय. अशा रंगाला जीव येतो. कापड पांढरं-करडं राहिलं असतं तर वर क्लिअर कोट आहे असं समजायचं. तोही नुसता मळला, खरवडला असेल तर पॉलिशने सुधारतो. पण त्याची साल सुटायला लागली असेल तर कुठल्याही पॉलिशने तो परत येत नाही. जाहिराती काहीही सांगोत. तो भाग घासून पुन्हा रंगवणं एवढाच उपाय. जसा माझा बंपर.

मग डिटेलिंगची क्ले घेऊन, भरपूर साबणपाण्यात, रंगात रुतलेली धूळ आणि चिकाचे कण काढले. नंतर रबिंग कंपाउंड, मग बारीक पॉलिश, मग मेण. ओळखीच्या पोराकडे मशीन होतं, त्याच्याकडून करून घेतलं. कडांवर आणि उंचवट्यांवर हात हलका ठेवायला सांगितलं, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो आणि एका क्षणात प्रायमर दिसायला लागतो. पिवळे पडलेले हेडलॅम्प बारीक पाणीपेपरने ओले घासून पॉलिश केले. सगळं मिळून तीन हजार. गुलाबी छप्पर पुन्हा लाल झालं. नव्यासारखं नाही. चौदा वर्षांच्या, पण कोणीतरी सांभाळलेल्या गाडीसारखं.

बंपर बूथ असलेल्या वर्कशॉपमध्ये रंगवला, साडेतीन हजार. शेड किंचित वेगळी दिसते, दिसू दे. दारांच्या कडांचा गंज तारेच्या ब्रशने काढून, गंजरोधक लावून, घरीच प्रायमर आणि टचअप मारला. ठिपके दिसतात, तेही दिसू दे. उजवा रनिंग बोर्ड उघडून सडका पत्रा कापला, नवा तुकडा वेल्ड करून घेतला, साडेचार हजार. कापलेल्या जागेचे, आतले, जोडल्यानंतरचे फोटो काढून ठेवले. एकूण खर्च अकरा हजार.

मग एक वहीचं पान घेतलं आणि वरची सगळी यादी लिहिली. शेवटी लिहिलं : २०२१ च्या पुरात गाडी वरच्या आळीला होती, पाणी शिरलेलं नाही. खाली सही केली.

पहिले दोघे पान वाचून निघून गेले. एकाने तर तोंडावर सांगितलं, "एवढं लिहून देताय म्हणजे अजून बरंच लपवलं असणार." बघा, बाजार कुठवर नासलाय. खरं सांगणाऱ्याचाच संशय येतो.

तिसरा आला लोट्याच्या एमआयडीसीत काम करणारा मुलगा. आईला आठवड्यातून दोनदा डेरवणला दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून गाडी हवी होती. पान दोनदा वाचलं, गाडीखाली घालायला गोणपाट मागितलं, आडवा होऊन रनिंग बोर्ड स्वतः बघितला. उठून म्हणाला, "काका, हे पान मला द्याल?" एक लाख बारा हजारांना व्यवहार झाला.

हिशेब मांडून दाखवतो, नाहीतर म्हणाल नुसतं गोड गोड लिहिलंय. एजंटाच्या मार्गाने एक पस्तीस वजा बावीस, म्हणजे एक लाख तेरा हजार हातात. माझ्या मार्गाने एक बारा वजा अकरा, म्हणजे एक लाख एक हजार. बारा हजारांचं नुकसान. टोचलं, अजूनही टोचतंय. घरात त्यावरून दोन दिवस बोलणीही खाल्ली. पण कुठल्या वेल्डिंगच्या दुकानासमोरून जाताना मला मान दुसरीकडे फिरवावी लागणार नाही.

आणि घेणाऱ्यांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. चकाकीला चाळीस हजार जास्त देणारे तुम्हीच. एजंट हुशार आहे, तो तेच विकतो जे तुम्ही घेता. तेव्हा जुनी गाडी बघायला जाल तेव्हा :

– भर दिवसा जा, आणि गाडी कोरडी असताना बघा. नुकतं पाणी मारलेली गाडी नवरीसारखी दिसते.
– बाजूला बसून दारांवरून तिरकी नजर टाका. एका दारावर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे आणि शेजारचं गुळगुळीत, म्हणजे एक पुन्हा रंगवलंय.
– दार उघडा. रबराच्या बीडिंगवर, वायरींवर रंगाचे शिंतोडे आहेत का बघा. बॉनेट आणि दारांच्या बोल्टचा रंग उडालाय का बघा, उडाला असेल तर पाना लागलाय.
– फ्रिजवरचं चुंबक कापडात गुंडाळून न्या. रनिंग बोर्ड आणि चाकांच्या कमानींवर लावा. लोखंडी पत्र्यावर चिकटत नसेल तर खाली लांबी आहे. प्लास्टिकच्या बंपरवर चिकटणार नाहीच, तिथे भांडू नका.
– सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ असेल तर गाडी पाण्यात होती. स्टेपनीखालची चटई उचला, तिथला गाळ कोणी पुसत नाही.
– आणि सरळ विचारा, "हे सगळं लिहून देता का?" लिहून देणाऱ्याला दोन हजार जास्त द्या. त्याच्यावर संशय घेऊ नका. तुम्ही त्याला दंड केलात तर पुढच्या वेळी तोही लांबीच भरेल.

एजंट मंडळींचा राग येईल याची कल्पना आहे. येऊ दे. तुमच्यातले चार जण प्रामाणिक आहेत हे मला माहीत आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान तुमचंच होतंय. तुम्हीच आधी ते पान छापून घ्या आणि प्रत्येक गाडीच्या काचेवर लावा. मी स्वतः येऊन तुमच्या दुकानाचा फोटो इथे टाकीन.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कॉमेंटमध्ये या, पण "सगळेच करतात" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या. ते मी चौदा वर्षांपूर्वी स्वतःलाच सांगून झालंय.